त्रासांक सत्तर

माझी तीस वर्षं सांगलीच्या एका ज्युनियर कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीमागे गेली. गुणवत्ता यादी लावायची, हे माझं काम. पहिली यादी, दुसरी यादी, तिसरी यादी, आणि तिसरीतही नाव न लागलेल्या मुलांच्या आया. यादी म्हटलं की माझा हात अजूनही आपोआप पट्टी आणि लाल पेनाकडे जातो. त्यामुळे मिरजेच्या प्रत्यारोपण केंद्रात डॉक्टरांनी आमच्या ह्यांचं नाव हृदयाच्या प्रतीक्षा यादीत घातल्याचं सांगितलं, तेव्हा मी रडले वगैरे नाही. "कितवा नंबर?" एवढंच विचारलं.

"तसा पक्का नंबर नसतो, काकू," डॉक्टर म्हणाले. "हृदय कोणत्या रक्तगटाचं येतं, केवढं येतं, कोणाची निकड किती, त्यावर ठरतं. आणि निकड बदलत असते."

"बदलते म्हणजे यादी पुन्हा लागते," मी म्हटलं.

डॉक्टरांनी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, जाऊ द्या.

आमचे हे, भरतेश आवटी, म्हणजे जन्मजात 'जाऊ द्या' माणूस. आयुष्यभर तासगावच्या सौद्यात बेदाण्याची प्रतवारी केली. बेदाणा जिभेवर ठेवायचा आणि उत्तम, मध्यम, नाहीतर बरा, असं सांगायचं. वाईट हा शब्द त्यांच्या तोंडातून कधी बाहेर पडला नाही. हृदयाची ताकद पंधरा टक्क्यांवर आली, दोन पायऱ्या चढून ओठ निळे पडायला लागले, तरी कसं वाटतंय याला उत्तर एकच, "बरंय की." आता दोन हजार त्रेचाळीस साली कृत्रिम पंप बसवणं दात बसवण्याइतकं सोपं झालंय, पण ह्यांच्या हृदयाच्या दोन्ही बाजू दमलेल्या होत्या, त्यामुळे पंपाचा उपयोग नव्हता. दुसऱ्याचं हृदयच हवं होतं, आणि ते मिळेपर्यंत थांबायचं होतं.

थांबायचं कसं, हे शिकवायला केंद्राच्या परिहार सेवेच्या तबस्सुम मुल्ला सिस्टर घरी यायला लागल्या. परिहार सेवा म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, एवढं मला ऐकून ठाऊक होतं. "ती शेवटच्या माणसांना देतात ना?" मी त्यांना स्वयंपाकघरात ओढत नेऊन विचारलं.

"सगळे हेच म्हणतात, काकू. ही सेवा मरणाऱ्यांची नाही, त्रास होणाऱ्यांची. थांबणाऱ्याला काय त्रास नसतो होय?"

मला पटलं. गल्लीला पटलं नाही. परिहारवाल्या सिस्टरची गाडी दारात लागली, ही बातमी संध्याकाळपर्यंत जयसिंगपूरला माझ्या भावाच्या, सुकुमारच्या कानावर गेली. दुसऱ्या दिवशी सुकुमार पांढरा झब्बा घालून हजर. आल्या आल्या त्यानं ह्यांचे पाय धरले आणि हुंदके द्यायला लागला.

"दाजी, मला माफ करा. दोन हजार अठराला तुमची स्कूटर गाईनं पाडली नव्हती. मीच झाडावर घातली होती."

"मला तेव्हाच कळलं होतं की," हे म्हणाले. "गाईला खरचटलं पण नव्हतं, आणि तुझं कपाळ टरारून सुजलं होतं. बस, चहा घे."

पंचवीस वर्षं हा माणूस गप्प बसला होता. मलासुद्धा बोलला नव्हता.

आता सिस्टरनी आणलेल्या टिकलीबद्दल सांगते. रुपयाच्या नाण्याएवढी, मऊ, ह्यांच्या कानामागे चिकटवलेली. सिस्टरनी मला समजावून सांगितलं ते असं. मेंदूपासून निघून हृदय, फुप्फुस, पोट अशी सगळीकडे फिरणारी एक लांबलचक नस असते, आणि तिची एक बारीक फांदी कानापाशी येते. टिकली त्या फांदीवरून जाणारे निरोप ऐकते, शिवाय कातडीवरच्या घामातली रसायनं तपासते. माणसाला धाप लागली की बाहेरून बघणाऱ्याला धाप तेवढी दिसते. पण फुप्फुसात पाणी साचल्याची धाप वेगळी आणि भीतीची धाप वेगळी. दोन्हींची रसायनं निराळी असतात, आणि उपायही निराळे. पाण्याच्या धापेला औषधाची गोळी, भीतीच्या धापेला टिकली स्वतःच त्या नसेला हलकेच गुदगुल्या करते आणि श्वास शांत होतो. पूर्वी डॉक्टर रुग्णाला विचारायचे, आणि रुग्ण सांगायचा, बरंय की. आता विचारायची गरज उरली नव्हती.

टिकलीबरोबर एक डबी येते, ती उशाशी ठेवायची. डबीवर एक आकडा दिसतो, शून्यापासून शंभरपर्यंत. त्याला म्हणायचं त्रासांक. आणि डबीत एक बाई बोलते. ती खोलीतलं सगळं ऐकते, काय घडल्यावर आकडा चढला नि काय घडल्यावर उतरला याचा मेळ घालते, आणि शासकीय परिपत्रकासारख्या मराठीत जाहीर करते.

"रुग्णास पाठीमागे आणखी एका उशीची आवश्यकता आहे."

"काही नको गं," हे म्हणायचे.

"आवश्यकता आहे," बाई म्हणायची. मी उशी द्यायचे, आणि आकडा बावन्नवरून पंचेचाळीसवर. खरं सांगते, पहिले पंधरा दिवस मी त्या डबीला हळदकुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांना नक्की काय हवंय ते पहिल्यांदाच कळत होतं. आकडा एकतीसवर आला. हे रात्री सलग झोपायला लागले.

आणि मग मी माझ्या अकलेचे दिवे लावले.

प्रतीक्षेतल्या लोकांचा बुधवारी सकाळी पडद्यावर कट्टा भरायचा. प्रत्येकाच्या चौकटीखाली त्याचा त्रासांक लिहिलेला. दीड महिन्यात चौघांना हृदयं मिळाली. मी वहीत आखून तक्ता केला. इस्लामपूरचे गुरुजी, एकाहत्तर. निपाणीच्या बाई, अठ्ठ्याहत्तर. विट्याचा मुलगा, त्र्याहत्तर. आष्ट्याचे पैलवान, एकोणऐंशी. चौघेही सत्तरच्या वर! तीस वर्षं ज्या बाईनं कट-ऑफ लावली तिला काय ती समजावून सांगावी लागते? ज्याचा त्रास जास्त त्याची निकड जास्त, आणि ज्याची निकड जास्त त्याचं नाव वर. आणि मी काय करत होते, तर उशा देऊन देऊन आमच्या माणसाचे गुण कमी करत होते. एकतीस! एकतीसला तर आमच्याकडे कोणी फॉर्मसुद्धा विकत घेत नव्हतं.

मी वही ह्यांच्यापुढे ठेवली. ह्यांनी तक्ता वरून खाली पाहिला, खालून वर पाहिला.

"म्हणजे मला त्रास व्हायला पाहिजे?"

"सत्तरच्या वर. औषधांना मी हात लावणार नाही, गोळ्या वेळच्या वेळी मिळतील. पण सुख बंद."

हे माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "बरं की. कर सुरू."

सुरुवात दुधीनं केली. ह्यांना दुधी आवडत नाही, हे मला डबीनंच सांगितलं होतं. मी सकाळी दुधी, संध्याकाळी दुधी, मीठ तर आधीच बंद होतं. जादाची उशी काढून घेतली. टीव्हीवरचं क्रिकेट बंद केलं आणि त्या वेळात मी पेटी काढून गायला बसायला लागले. माझं गाणं कसं आहे ते मला ठाऊक आहे. लग्नानंतर ते थांबवायला ह्यांनी किती गोड बोलून किती वर्षं घातली, तेही ठाऊक आहे.

"रुग्णास गायनाचा त्रास होत आहे," बाईनं जाहीर केलं. एकोणपन्नास.

"शाब्बास!" मी म्हटलं.

"दुसरं कडवं पण घे," हे उशीविना भिंतीला टेकून म्हणाले.

पण पन्नासच्या पुढे गाडी जाईना. म्हणून मी हुकमी पत्ता काढला. सुकुमारला बोलावलं. अकरा वर्षांपूर्वी तो बारा दिवस अमेरिकेला जाऊन आला, त्या बारा दिवसांचं वर्णन अजून संपलेलं नाही. त्याला जेवायला भरपूर घातलं आणि ह्यांच्या कॉटजवळ खुर्ची दिली. मी स्वयंपाकघराच्या दारातून डबीकडे डोळे लावून उभी.

"तर दाजी, तिथले रस्ते म्हणजे असे की कपातला चहा हलत नाही."

"तू गाडीत चहा पीत होतास?"

"उदाहरण हो दाजी!"

"उदाहरण कशाला, चहा होता का नव्हता ते सांग. मागच्या वेळी कॉफी होती."

दोघांची जुंपली. हे उठून बसले. गालांवर रंग आला. धबधब्याची उंची किती यावर सुकुमार हातवारे करायला लागला, तर ह्यांनी त्याला दोन हजार बत्तीस सालचे त्याचेच फोटो काढून दाखवले. मी डबीकडे बघते, तर आकडा खाली खाली. चाळीस. तेहतीस. सव्वीस.

"पाहुण्यांच्या सहवासाने रुग्णास आराम पडत आहे," बाई म्हणाली.

"ऐकलं का ताई!" सुकुमार हरखून ओरडला. "मी रोज येतो!"

आणि आला की तो! रोज साडेदहाची एसटी धरून. माझ्या दुधीनं सकाळी मिळवलेले वीस गुण हा माणूस दुपारपर्यंत घालवून बसायचा. त्याला येऊ नको म्हणावं तर दाजींना आराम पडतोय म्हटल्यावर बहीण नको का म्हणते, हे तो जयसिंगपूरभर विचारणार. असे पाच आठवडे गेले. कट्ट्यावर आणखी एकाला हृदय मिळालं. त्याचा त्रासांक शहात्तर.

त्या दिवशी दुपारी मी मागच्या दारी पायरीवर जाऊन बसले आणि पदर तोंडात धरून रडले. मला वाटलं, माझ्याच्यानं काही होत नाही. दुसऱ्यांच्या आयांना मी खिडकीतून सांगायचे की नियमात बसत नाही, आता मला कोण सांगणार. हा माणूस माझ्यासमोर एकेक पायरी उतरत चाललाय आणि मी पेटी वाजवतेय. मला ह्यांच्याशिवाय राहता येणार नाही, हे मी कोणाजवळ बोलले नव्हते, पण ते खरं होतं.

तोंड धुऊन आत आले, तर डबीवर चौऱ्याहत्तर!

"अहो! चौऱ्याहत्तर!" मी टाळीच वाजवली. "काय केलंत?"

हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. बाईच बोलली.

"रुग्णास पत्नीच्या रडण्याचा त्रास होत आहे."

अर्ध्या तासात मुल्ला सिस्टर धावत आल्या. सत्तरच्या वर आकडा गेला की केंद्रात घंटा वाजते म्हणे. त्यांनी ह्यांना तपासलं, दुधीचं पातेलं बघितलं, गायब झालेली उशी बघितली, आणि पेटीवर पडलेल्या वहीतला माझा तक्ता वाचला. वाचून झाल्यावर त्यांनी डोक्याला हात लावला.

"काकू, त्रासांकाचा आणि यादीचा काहीएक संबंध नाही. यादी हृदयाच्या ताकदीवर चालते, रक्तगटावर, अंगकाठीवर. त्रासांक फक्त आम्हाला कळावं म्हणून असतो, की तुमचं दुखणं हलकं कसं करायचं."

"मग ते सत्तरवाले?"

"त्यांनी परिहार घ्यायला नकार दिला होता. नुसती टिकली लावून घेतली. परिहार म्हणजे शेवट, असं त्यांनाही वाटलं. म्हणून त्यांचे आकडे वर होते. हृदय त्यांना तरीही मिळालंच असतं, आणि तोवर जरा सुखात राहिले असते. पैलवानांना तर ऑपरेशनच्या आधी महिनाभर झोप नव्हती. त्यानं बरं व्हायलाही वेळ लागतो, काकू."

मी ह्यांच्याकडे बघितलं. पाच आठवडे. कदाचित आमच्या हातात उरलेलेच तेवढे असतील, आणि मी त्यांत ह्यांना दुधी घातला होता.

"असं होय?" हे डोळे मोठे करून म्हणाले. "आम्हाला कुठलं कळणार ते!"

मी उशी आणली. मग दुसरी आणली. तिसरी आणली तेव्हा बाई म्हणाली, "रुग्णास आणखी उशीची आवश्यकता नाही," आणि मी रडता रडता हसले.

त्यानंतरचा महिना चांगला गेला. मी सांगते ना, चांगला गेला. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापात पाणी, बिनमिठाचं पण लिंबू पिळलेलं कालवण, क्रिकेट, आणि दुपारी सुकुमार. डबीतली बाई सांगेल तशी मी वागत होते आणि मला त्यात अजिबात कमीपणा वाटत नव्हता. हृदय चौदा टक्क्यांवर आलं होतं, पण त्रासांक बावीस. हे एकदा म्हणाले, "उद्या काही झालंच, तर आजचा दिवस उत्तम म्हणून लिहून ठेव." मी त्यांना गप्प बसवलं. पण दिवस उत्तमच होता.

फोन सकाळी अकराला आला. तासाभरात निघा, जुळणारं हृदय आहे. मी पिशवी भरायला धावले, आणि पाठीमागे बाईचा आवाज आला, "त्रासांक एक्याऐंशी. कारण समजत नाही."

हे कॉटच्या कडेला बसले होते. "आपल्याकडे हा फोन आला," ते म्हणाले, "म्हणजे कुणाच्या तरी घरी आत्ता दुसरा फोन आला असेल."

मी पिशवी खाली ठेवली, त्यांच्या शेजारी बसले आणि दोघांनी हात जोडले. कुणासमोर ते आम्हालाही माहीत नव्हतं. ज्या घरानं त्या दुःखात हो म्हटलं त्यांच्यासमोर, असं धरा. मग तेवढ्यात साडेदहाच्या एसटीनं आलेल्या सुकुमारनं पिशवी उचलली आणि आम्ही निघालो.

ऑपरेशनला सात तास लागणार होते. ह्यांना आत नेताना कानामागची टिकली काढली. मी बाहेर बाकावर बसले. सुकुमार अमेरिकेबद्दल चकार शब्द बोलत नव्हता, यावरून प्रसंगाची कल्पना यावी. हातांना काही काम नाही म्हणून मी मुल्ला सिस्टरना म्हटलं, ह्यांची फाईल छापून द्या. सगळं पडद्यावर असतं हो काकू, त्या म्हणाल्या. पण माझं तोंड बघून त्यांनी चौसष्ट पानं छापून आणली.

मी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. सत्तेचाळिसाव्या पानावर एक मासिक पत्रक होतं. 'त्रासांकाचा प्रतीक्षा यादीतील क्रमाशी कोणताही संबंध नाही, हे मला समजले आहे.' खाली सही, भ. आ. आवटी. तारीख बघितली. मी तक्ता करून ह्यांच्यापुढे ठेवला होता, त्याच्या नंतरचा सहावा दिवस. आणि त्याखाली 'रुग्णाचे काही म्हणणे असल्यास' असा रकाना. असले रकाने कोणी वाचत नाही. सिस्टरनी वाचला नव्हता, डॉक्टरांनी वाचला नव्हता. त्यात ह्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं:

'माझ्या पत्नीचा याबाबत गैरसमज आहे. कृपया दूर करू नये. तिला काम असले की ती रडत नाही. दुधी मी खातो.'

मी ते तीनदा वाचलं. मला इतका राग आला, इतका राग आला की कान गरम झाले. मला मूर्ख बनवलं! पाच आठवडे माझं गाणं ऐकलं, दुसरं कडवं घे म्हणाले! परिहार सेवा घरात चालली होती ती कुणाची, हे त्या बाकावर बसून मला कळलं. आणि ज्याच्याशी भांडायचं तो दाराच्या पलीकडे, छाती उघडी टाकून झोपलेला. चाळीस वर्षांत मला एवढं भांडायचं कधीच नव्हतं. मी मनात म्हटलं, बाहेर या तुम्ही. फक्त एकदा बाहेर या.

सात तासांचे नऊ झाले. मग डॉक्टर आले आणि म्हणाले, सुरू झालं, छान चालतंय. सुकुमार माझ्या गळ्यात पडून रडला. मी त्याच्या पाठीवर थोपटलं, पण कागद सोडला नाही.

तिसऱ्या दिवशी आत सोडलं. डोक्याला टोपी, तोंडाला पट्टी, पायात पिशव्या. बाहेरचा कागद नेता येत नाही म्हणाले, तेव्हा मुल्ला सिस्टरनी तो प्लॅस्टिकमध्ये बंद करून, औषधानं पुसून माझ्या हातात दिला. त्यांनीही एव्हाना तो वाचला होता. "जरा हळू बोला हं काकू," एवढंच म्हणाल्या. नव्या हृदयाला अजून मेंदूच्या नसा जोडल्या गेलेल्या नाहीत, त्यामुळे ते लगेच काही धडधडणार नाही, असंही त्यांनी सांगितलं. म्हणजे मी ओरडले तरी त्याला पत्ता लागणार नव्हता. ते काही मला फारसं पसंत पडलं नाही.

हे उशीला टेकून पडले होते. ओठ गुलाबी. कानामागे नवी टिकली, उशाशी डबी, वर आकडा अठ्ठावन्न. मला बघून हसले.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"बरंय की," घोगऱ्या आवाजात.

मी कागद त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी सही बघितली. रकाना बघितला. माझ्याकडे बघितलं. आणि शांतपणे डोळे मिटून घेतले, मान कलती केली, वर हलकंसं घोरलेसुद्धा.

"रुग्ण जागे आहेत," डबीतली बाई म्हणाली.

"ते दिसतंय मला!" मी ओरडले. "लाज नाही वाटली? चाळीस वर्षं संसार केलाय मी तुमच्याशी!"

ह्यांनी डोळे उघडले नाहीत, पण मिटलेल्या पापणीच्या कडेनं पाणी आलं. मी थांबले. घाबरून डबीकडे बघितलं. एक्कावन्न. चव्वेचाळीस. एकोणचाळीस.

"पत्नीच्या आवाजाने रुग्णास आराम पडत आहे," बाई म्हणाली. "कृपया बोलत राहावे."

मी खुर्ची ओढली, पदर खोचला आणि पहिल्या दुधीपासून सुरुवात केली.